आंबेमोहर एकच की अनेक? जनुकीय मार्करचा पहिला अभ्यास कसा करावा

मुळशीच्या पट्ट्यात एखाद्या भातखाचराच्या बांधावर उभं राहून "हा आंबेमोहर का हो?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा "हो, आमचा जुना" असंच येतं. पुढच्या गावात जा, तिथल्या लोंबीला कूस दिसेल, इथल्या लोंबीला नव्हती, तरी नाव तेच. उलटंही होतं. दोन गावांत दोन नावांनी पेरलेलं भात शेजारी ठेवलं तर ओळखू येत नाही. डोळ्यांनी हा गुंता सुटत नाही, कारण उंची, फुटवे, पिकायचे दिवस या सगळ्यांत माती, पाणी आणि खत यांचाही हात असतो. मार्कर वाचतो तो डीएनएचा क्रम, आणि तो खताने बदलत नाही.

हा लेख एमएस्सीचा पहिला प्रकल्प हातात घेतलेल्यांसाठी आहे. उदाहरण भाताचं घेतलं आहे, कारण नवख्याला भात सोयीचं पडतं. गुणसूत्रांच्या फक्त १२ जोड्या, संपूर्ण जनुकसंचाचा क्रम २००५ सालीच प्रसिद्ध झालेला आणि तयार मार्कर हजारोंनी. जनावरं आणि माणसं यांच्याकडे शेवटी वळू, पण तिथे काय बदलतं तेवढंच सांगायला.

आधी प्रश्न ठरवा

मार्कर म्हणजे डीएनएवरची अशी जागा, जिथे एका जीवाचा क्रम दुसऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो आणि तो फरक आपल्याला वाचता येतो. एवढंच. त्या जागेचा झाडाच्या गुणाशी काही संबंध असेलच असं नाही, बहुतेकदा नसतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: मला नातं शोधायचं आहे की गुण?

"ही दहा गावांची भातं एकमेकांपासून किती लांब, एकाच नावाखाली किती प्रकार" हा नात्याचा प्रश्न. "हे भात वासाचं आहे का" हा गुणाचा प्रश्न. दोन्हींना मार्कर लागतात, पण निरनिराळे. मी तपासलेल्या प्रकल्पांत सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक इथलीच. चोवीस मार्करांवर दोन भातं वेगळी निघाली की निष्कर्षात "म्हणून यांच्या सुवासात फरक आहे" असं वाक्य येतं. त्या चोवीस मार्करांना वासाचा पत्ताही नसतो.

नात्याच्या प्रश्नासाठी पहिल्या प्रकल्पाला एसएसआर घ्या. यालाच मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, आणि काही ठिकाणी त्यात दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, समजा जीएजीएजीए. एका झाडात तो १२ वेळा, दुसऱ्यात १७ वेळा. दोन्ही बाजूंचे प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून तेवढाच भाग पीसीआरने वाढवला, म्हणजे त्याच्या लाखो प्रती काढल्या, की पहिल्याचा तुकडा दुसऱ्यापेक्षा १० अक्षरांनी आखूड निघतो, आणि जेलवर, म्हणजे वीज सोडलेल्या पारदर्शक थरात, आखूड तुकडा पुढे पळतो. शिवाय आईकडून आलेली प्रत आणि बापाकडून आलेली प्रत दोन्ही स्वतंत्र दिसतात. भाताच्या एसएसआरची नावं आरएम या अक्षरांनी सुरू होतात आणि त्यांचे प्रायमर ग्रामीन नावाच्या खुल्या डेटाबेसवर फुकट मिळतात. प्रत्येक गुणसूत्रावरचे किमान दोन, म्हणजे २४ निवडा. दहा मार्कर एकाच गुणसूत्रावरचे घेतले तर एकच साक्षीदार दहा वेळा बोलावल्यासारखं होतं.

रॅपिडबद्दल (आरएपीडी, कुठेही चिकटू शकणाऱ्या एकाच छोट्या प्रायमरची पद्धत) विचाराल, कारण ते स्वस्त आहे आणि जुन्या प्रबंधांत भरपूर आहे. १९९० साली आलं तेव्हा ते वरदान होतं. पण एका मशीनवर आलेले पट्टे दुसऱ्या मशीनवर तसेच येतील याचा भरवसा नाही आणि झाडात एक प्रत आहे की दोन, हेही कळत नाही. माझं मत विचाराल तर आता नकोच. पैसा असेल तर एसएनपी चिप (एकेका अक्षराचे हजारो फरक एकदम वाचणारी) उत्तम, पण त्यात तुमच्या हातांना काम उरत नाही, नमुने बाहेर पाठवायचे आणि फाइलची वाट बघायची.

गुणाच्या प्रश्नासाठी भातात एक सुरेख उदाहरण आहे. सुवासिक तांदळाच्या वासातला मुख्य घटक म्हणजे २-अॅसिटिल-१-पायरोलिन. आठव्या गुणसूत्रावरचं बीएडीएच२ हे जनुक नीट चालत असलं की या घटकाचा कच्चा माल दुसरीकडे खर्च होतो आणि भात बिनवासाचं राहतं. जनुक मोडलं की वास साठतो. बासमतीसह पुष्कळ सुवासिक वाणांत या जनुकाच्या सातव्या भागातली ८ अक्षरं गळालेली असतात. सुवास म्हणजे एका मोडतोडीची देणगी! २००५ साली यावर चार प्रायमरची एकच पीसीआर चाचणी प्रसिद्ध झाली. ती कशी वाचायची ते पुढे येतंच.

खाचरात

प्रकल्प इथे बनतो किंवा बिघडतो, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

पहिली गोष्ट, देशी वाण म्हणजे एकसारखं भात नव्हे. पिढ्यान् पिढ्या घरचं बी राखलेलं असतं, त्यात थोडी सरमिसळ असतेच आणि तीच तर तुम्हाला मोजायची आहे. पण विद्यार्थी काय करतात, खाचरातून पाच रोपांची पानं घेतात, एकत्र कुटतात आणि "हा मुळशीचा नमुना" म्हणतात. असं कुटलंत की विविधता खलबत्त्यातच संपली. प्रत्येक रोप वेगळं ठेवा.

मग रोपं किती? हिशोब सोपा आहे. समजा खाचरातली १० टक्के रोपं वेगळ्या प्रकारची आहेत. तुम्ही पाच रोपं घेतलीत तर त्यांत तो वेगळा प्रकार एकदाही सापडण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. दहा घेतलीत तर ६५ टक्के. ९५ टक्के खात्री हवी असेल तर २९ रोपं लागतात. सगळ्या गावांतून २९ घेणं परवडत नाही हे मान्य. मग गावं कमी करा. तीस गावांतून प्रत्येकी एक रोप आणण्यापेक्षा पाच गावांतून वीस-वीस आणलेली बरी. खाचरात तिरपं चालत जा, दोन रोपांमध्ये चार-पाच पावलं सोडा आणि बांधालगतची रोपं टाळा. शेजारच्या खाचरातलं बी तिथेच सांडतं.

पान कोवळं हवं. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांचं मिळालं तर उत्तम. जुलैत मावळ-मुळशीत पाऊस थांबत नाही, म्हणून पान आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग कागदी पाकिटात घाला आणि ते पाकीट निळ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. सिलिका पानाच्या वजनाच्या किमान दहापट. निळे खडे गुलाबी झाले की बदला. पान हिरवं राहून कडकडीत वाळलं तर डीएनए टिकतो. पिवळं-तपकिरी पडलं तर तो तुटू लागला असं समजा. बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन चिखलातून फिरायची गरज नाही.

आता लेबल. माझ्या पहिल्या फेरीत मी पाकिटांवर मार्कर पेनाने आकडे टाकले आणि हात स्वच्छ करायला जवळ स्पिरिट ठेवलं. संध्याकाळी डबा उघडला तर एकवीस पाकिटांवर नुसते जांभळे डाग. गाव ओळखता आलं, रोप नाही. ते एकवीस नमुने टाकून दिले आणि दोनशे रुपयांची एसटी पुन्हा केली. तेव्हापासून शिसपेन्सिल. एक चिठ्ठी पाकिटाच्या आत, तोच आकडा बाहेर आणि तिसऱ्यांदा वहीत. वहीत आकड्यापुढे गाव, खाचराचा जीपीएस, बी कुठून आलं, किती वर्षं घरचं आहे, कूस आहे का, हळवं की गरवं.

बी कुठून आलं हे विचारायचं राहू देऊ नका. एका खाचरात मी काकांशी बोलत होतो, ते "जुनं घरचं बी" म्हणत होते. काकू लावणी करता करता मान वर न करता म्हणाल्या, "घरचं कसलं, मागच्या सालाला उंदरांनी कणगी खाल्ली. माझ्या माहेरनं आणलंय हे." माहेर भोर तालुक्यातलं. ते वाक्य वहीत नसतं, तर मुळशीचा एक नमुना भोरच्या घोळक्यात का जाऊन बसला याचा मी जेलसमोर बसून विचार करत राहिलो असतो.

परवानगीही इथलीच पायरी. शेतकऱ्याला काय करणार आहात ते सांगा आणि होकार वहीत नोंदवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी जैवविविधता समित्या आहेत, त्यांना कळवा. नमुना किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट धरावी लागते, त्यामुळे गाईडला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पानातून डीएनए

सीटीएबी पद्धत वापरा, म्हणजे पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या द्रव्याची. किट जलद असतं, पण शंभर नमुन्यांचं किट म्हणजे फेलोशिपचा मोठा घास. वाळलेलं पान असल्यामुळे द्रव नायट्रोजनशिवायही खलबत्त्यात पूड होते. चिमूटभर पूड, त्यात ६५ अंशांना तापवलेलं ६०० ते ७०० मायक्रोलिटर बफर, अर्धा-पाऊण तास त्याच तापमानाला ठेवून मधून मधून हलकेच उलटंपालटं करायचं. मग तितकंच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १ या प्रमाणात. सेंट्रिफ्यूज केलं की तीन थर दिसतात: वर स्वच्छ पाणी, मध्ये पांढरी साय, खाली हिरवट क्लोरोफॉर्म. वरचं घ्यायचं. शेवटचे ५० मायक्रोलिटर मिळवायच्या मोहात पिपेटचं टोक सायीला लागतं आणि मग पीसीआर का चालत नाही म्हणून आठवडा जातो. ते ५० सोडून द्या.

वरच्या थरात दोन तृतीयांश थंड आयसोप्रोपॅनॉल घालून ट्यूब हळूच उलटी केली की कापसाच्या पेळूतून सुटल्यासारखे पांढरे धागे दिसतात. ७० टक्के अल्कोहोलने धुवा, वाळवा, टीई बफरमध्ये विरघळवा, आरएनए काढायला आरएनएज द्या. बफरमधलं मर्कॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्म दोन्ही फ्यूम हुडमध्येच. (आंब्यावर किंवा काजूवर हेच करायचं झालं तर बफरमध्ये पीव्हीपी घाला, नाहीतर चिकट तपकिरी गोळा हाती येईल. भात त्या मानाने गरीब स्वभावाचं आहे.)

मोजताना २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. खूप खाली असेल तर प्रथिनं राहिलीत, २ च्या वर गेलं तर बहुधा आरएनए. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. थोडा डीएनए ०.८ टक्के अॅगारोजवर चालवून बघा. वर एक घट्ट पट्टा दिसला तर चांगला, खालपर्यंत धूर दिसला तर तुटलेला. सगळे नमुने २५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरवर आणा. वाचन ४०० आलं आणि १०० मायक्रोलिटर तयार करायचं असेल तर ६.२५ डीएनए आणि ९३.७५ पाणी. मूळ साठा उणे २० ला ठेवा आणि रोजच्या कामाला तो काढू नका.

पीसीआर आणि जेल

यात अवघड काही नाही, फक्त शिस्त लागते. नमुन्यांपेक्षा दहा टक्के जास्त मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळ्याचं एकत्र मिश्रण) करा, कारण पिपेट थोडं खातंच. ९४ अंशांना पाच मिनिटं, मग ३५ फेऱ्या (९४ ला अर्धं मिनिट, ५५ ला अर्धं मिनिट, ७२ ला एक मिनिट) आणि शेवटी ७२ ला सात मिनिटं. बहुतेक आरएम प्रायमर ५५ ला चालतात, न चालणाऱ्यांसाठी दोन अंश वर-खाली करा. प्रत्येक खेपेला एक ट्यूब डीएनएऐवजी पाणी घातलेली हवी. त्या ट्यूबमध्ये पट्टा आला तर त्या दिवसाचं सगळं काम बाद, "पुसटच आहे" असं म्हणून पुढे जायचं नाही. आणि प्रत्येक जेलवर एक ओळखीचं वाण तेच ठेवा, म्हणजे सोमवारचं जेल आणि शुक्रवारचं जेल जुळवता येतं.

एसएसआरचे तुकडे साधारण १०० ते २५० अक्षरांचे असतात आणि त्यांतला फरक कधी कधी दोनच अक्षरांचा. दीड टक्क्याच्या अॅगारोजवर तो दिसणं शक्य नाही. साडेतीन-चार टक्क्यांचं उच्च प्रतीचं अॅगारोज घ्या, त्याहून बरं म्हणजे पॉलिअॅक्रिलामाइड. कॅपिलरी मशीन जवळ असेल तर प्रश्नच मिटला. पट्टे दिसावेत म्हणून वापरायचं इथिडियम ब्रोमाइड डीएनएत बदल घडवू शकतं, म्हणून त्याचे हातमोजे घालून दाराची कडी लावू नका. हे प्रत्येक प्रयोगशाळेत भिंतीवर लिहिलेलं असतं आणि प्रत्येक प्रयोगशाळेत कडीला लागलेलं असतं.

पट्टे वाचताना मुख्य पट्ट्याच्या खाली फिकट शिडी दिसेल. ती एन्झाइम घसरल्यामुळे येते, तिला दुसरी प्रत समजू नका. सर्वांत गडद पट्टा धरा. जेलचा फोटो दोघांनी स्वतंत्र वाचा, तेही नमुन्यांची नावं झाकून. नावं दिसत असली की डोळा मुळशीला मुळशीशी जुळवायला बघतो.

आता सुवासाची चाचणी. जेल चांगलं आलं तर प्रत्येक रांगेत सुमारे ५८० अक्षरांचा पट्टा असतोच, तो फक्त "पीसीआर चाललं" एवढं सांगतो. त्याच्या जोडीला २५७ चा पट्टा असेल तर ८ अक्षरं गळालेली, म्हणजे सुवासाची प्रत. ३५५ चा असेल तर शाबूत, बिनवासाची प्रत. दोन्ही असतील तर एकेक प्रत, आणि अशा झाडाला वास येत नाही, कारण एक चालतं जनुक पुरेसं पडतं. ५८० सुद्धा नसेल तर त्या रांगेबद्दल काहीच बोलायचं नाही.

याच्या जोडीला नाकाची चाचणी करा. १९७८ सालापासूनची सोपी रीत आहे: दोन ग्रॅम पान बारीक कापून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिली द्रावणात झाकून ठेवा, दहा मिनिटांनी झाकण उघडा. पाच-सहा नमुन्यांनंतर नाक थकतं, मध्ये बाहेर जाऊन या. नाक "वास आहे" म्हणतंय आणि जेलवर फक्त ३५५ दिसतोय असं झालं तर घाबरू नका, खोडूही नका. बीएडीएच२ जनुक मोडण्याचे याखेरीज इतरही प्रकार आहेत आणि ते या चार प्रायमरना दिसत नाहीत. तो नमुना तर बाजूला काढून जपण्यासारखा.

आकड्यांकडे

एक मार्कर हाताने सोडवल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. समजा एका गावची २० रोपं, एका मार्करवर तीन लांबीच्या प्रती: अ, ब, क. अअ ९ रोपं, बब ५, कक ४ आणि अब २. एकूण ४० प्रतींपैकी अ २०, ब १२, क ८, म्हणजे ०.५, ०.३, ०.२. यांचे वर्ग ०.२५, ०.०९, ०.०४, बेरीज ०.३८. एकातून वजा केले की ०.६२. ही अपेक्षित विषमयुग्मता, गावच्या खाचरात विविधता किती याचं माप. प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या प्रती असलेली रोपं २० पैकी २, म्हणजे ०.१०.

हा मोठा फरक बघून दचकायचं कारण नाही. भात स्वतःच्याच परागावर फळतं, परपरागण साधारण एक टक्क्याच्या आतच, म्हणून दोन्ही प्रती सारख्या असणं हेच नेहमीचं. उलट २० पैकी २ सुद्धा जरा जास्त आहेत. आता बाकीचे २३ मार्कर बघा. तीच दोन रोपं बहुतेक मार्करांवर अशी दुहेरी दिसली तर ती शेजारच्या वाणाशी झालेल्या ताज्या संकराची पोरं आहेत, किंवा एका पाकिटात दोन रोपांची पानं गेलीत. प्रत्येक मार्करवर निराळीच रोपं दुहेरी दिसत असतील तर चूक तुमच्या वाचनात शोधा.

त्यानंतर सॉफ्टवेअर. एक्सेलमध्ये बसणारं जेनअॅलेक्स नवख्याला पुरे: विविधता, गावांमधलं अंतर, विखुरलेपणाचा नकाशा हे सगळं ते देतं. स्ट्रक्चर नावाचा प्रोग्रॅम रंगीत पट्ट्यांचं देखणं चित्र काढतो म्हणून सगळ्यांना हवा असतो. पण त्याचं गणित मुक्तपणे संकर होणाऱ्या समूहाचं आहे, आणि भात तसं वागत नाही. चित्र काढा, मात्र जनुकीय अंतरावरून काढलेला वंशवृक्षासारखा आराखडाही तेच सांगतो का ते ताडून बघा.

जनावरं आणि माणसं

गुरांवर काम करायचं तर मार्करांची निवड सोपी आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने गुरांसाठी ३० मायक्रोसॅटेलाइटची यादी सुचवली आहे, ती वापरली तर तुमची खिलार इतरांच्या देवणी-डांगीशी ताडता येते. शेपटीचे मुळासकट उपटलेले वीस-एक केस पुरतात. रक्त घ्यायचं तर पशुवैद्य आणि प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवी. खरी गोम नात्यात आहे. गावात एकच वळू असला तर जवळजवळ सगळी वासरं बापाकडून सावत्र भावंडं असतात. म्हणून एका गावातून दोन-तीनच जनावरं, आणि वंशावळ विचारून. वन्य प्राण्यांच्या विष्ठेलाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

माणसांवर पहिला प्रकल्प करू नका, हे मी स्पष्टच सांगतो. नैतिकता समितीची मंजुरी, समजेल अशा मराठीत लिहिलेलं संमतिपत्र, कधीही माघार घेण्याचा हक्क, नावं आणि डीएनए वेगळे ठेवण्याची व्यवस्था हे सगळं आधी लागतं. सिकलसेलसारख्या आजाराचा मार्कर तपासलात तर निकालानंतर त्या घराला समुपदेशन कोण देणार, हेही. आणि एखाद्याने "आमच्या जातीचा मार्कर शोधून द्या" म्हटलं तर त्याला जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिनचा १९७२ चा आकडा सांगा: माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका समूहाच्या आतच असते. नंतरच्या अभ्यासांतही आकडा त्याच आसपास राहिला.

निकाल परत न्या

प्रबंध सादर केल्यावर प्रत्येक शेतकऱ्याला एका पानाचा मराठी कागद द्या: तुमच्या खाचरात इतके प्रकार निघाले, इतक्या रोपांत सुवासाची प्रत आहे, अमुक खाचरातली इतकी रोपं वेगळी आहेत. आकडेवारीचे शब्द नकोत. त्या वेगळ्या रोपांच्या लोंब्या कापणीआधी बाजूला काढायच्या की ठेवायच्या, हे काका-काकू ठरवतील. वाण खरंच वेगळं निघालं असेल तर २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांचं वाण म्हणून त्याची नोंदणी करता येते. तो अर्ज शेतकऱ्याच्या किंवा गावाच्या नावाने जातो, तुमच्या नाही. अर्ज भरायला मदत करा, आणि जाताना पेन्सिल घेऊन जा.